पोराचे केस, बापाचं आयुष्य

माणसाला युक्तीनं कसं वळवावं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्याकडे यावं. मी मुरलीधर खासनीस, फरीदाबादच्या एका ट्रॅक्टर-पार्टच्या कारखान्यात परचेस मॅनेजर. गेली वीस वर्षं माझं काम एकच. समोरच्याला नको असलेल्या गोष्टीला तो स्वतःहून ‘हो’ म्हणेल, अशी व्यवस्था करायची. लोखंड विकायला आलेला माणूस माझ्या केबिनमधून बाहेर पडताना मलाच थँक यू म्हणून जातो. असा मी, एका सतरा वर्षांच्या पोराच्या केसांपुढे हरेन असं वाटतं तुम्हाला?

नाही हरलो. जिंकलो! फक्त जिंकण्याच्या नादात दोन-तीन दिवस मेलो होतो, एवढंच.

गोष्ट शहाण्णव सालची. आमचे चिरंजीव पुष्कर दहावीपर्यंत अगदी सरळ होते. भांग डावीकडे, शर्ट आत. मग सेक्टरात केबल आली, केबलवर चोवीस तास गाण्यांचं चॅनेल आलं, आणि त्या चॅनेलवरची भुतं एकेक करून आमच्या घरात शिरली. आधी कवट्या छापलेले काळे टीशर्ट आले. मग मनगटाला चामड्याचे पट्टे. आणि मग केस! कानाखाली, मग मानेवर, मग खांद्यावर. पाठमोरा उभा असला की दूधवाला त्याला ‘बहनजी’ म्हणायचा. त्याला राग यायचा नाही, हे माझं खरं दुःख.

शेजारच्या कौशिकांचा मॉन्टी, आणखी दोन कार्टी आणि आमचा हा, अशा चौघांनी एक रॉक बँड काढला. नाव काय ठेवलं? ‘मरघट’! म्हणजे आपल्या मराठीत स्मशान. आमच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांची प्रॅक्टिस चालायची. गाणं असं नव्हतंच. एक जण ड्रम बडवायचा, दोघं डोकी गरागरा फिरवायचे आणि पुष्कर पोटात दुखत असल्यासारखा ओरडायचा. साधना, म्हणजे आमची ही, पहिल्या दिवशी खरोखर ओव्याचं पाणी घेऊन वर गेली होती.

मी केसांचा विषय काढला की त्याचं उत्तर तयार असे. आमच्या कंपनीनं नुकतंच परदेशी कोलॅबोरेशन केलं होतं, आणि तिकडून आलेल्या इंजिनिअरची पोनीटेल पार खांद्याखाली रुळायची. पुष्कर म्हणाला, “बाबा, त्याला तुम्ही सर म्हणता.”

“तो टेक्नॉलॉजी घेऊन आलाय,” मी म्हटलं. “तू डोक्यावर काय घेऊन आलायस?”

“कोंडा,” साधना स्वयंपाकघरातून म्हणाली. दोघं हसले. घरात आपला पक्ष एकट्याचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर बापलेकांत बोलणं असं राहिलंच नाही. मी केस म्हणायचो, तो हेडफोन लावायचा.

शेवटी एक दिवस ऑफिसच्या जेवणात, सगळ्यांच्या डब्यांसमोर, मी जाहीर केलं की महिन्याभरात हे केस जमिनीवर पडलेले असतील, आणि पोरगा आपल्या पायांनी चालत जाऊन न्हाव्यापुढे बसेल. माझा असिस्टंट त्यागी मिशीत हसला. त्यागी माझ्या केबिनकडे, विशेषतः तिथल्या कूलरकडे, नेहमीच भक्तिभावानं बघायचा. तो म्हणाला, सर, आजकालचे मुलगे बाप गेल्याशिवाय केस काढत नाहीत. मी म्हटलं, बघच तू. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

माझी युक्ती ऐका. पुष्करची मुंज राहिली होती. आठव्या वर्षी करायची, तेव्हा माझी बदली. दहाव्या वर्षी साधनाचं ऑपरेशन. मग राहिली ती राहिलीच. पुण्याची माझी भानुमती आत्या दर पत्रात शेवटची ओळ तीच लिहायची, ‘मुलाची मुंज कधी?’ आणि मुंज म्हटली की डोकं तासणं आलं. शास्त्रच आहे! शास्त्रापुढे चॅनेलचं काय चालणार?

पण पोराला तयार कसं करायचं? इथे परचेस मॅनेजर कामाला येतो. मी त्याला सहज सांगितलं की मुंजीत भिक्षावळ असते, आणि बटूला काय हवं ते आत्या घालणार आहे. दोन दिवस त्यानं हिशेब केला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “इलेक्ट्रिक गिटार?”

आत्यानं फोनवर विचारलं, हे काय असतं, वीणेसारखंच ना? मी म्हटलं, अगदी वीणेसारखं, फक्त प्लगला लावावं लागतं. सौदा पक्का झाला. मुंजीनंतरच्या रविवारी कॉलेजच्या जलशात मरघटचा कार्यक्रम होता. त्याला गिटार हवी होती, मला केस हवे होते.

मुंज दिल्लीत, मराठी मंडळाच्या हॉलवर केली. मोजकी वीस-पंचवीस मराठी माणसं बोलावली. शेजारीपाजारी, ऑफिस, कुणाला कळवलं नाही. एक तर सतरा वर्षांच्या घोड्याची मुंज, लोक काय म्हणतील? आणि दुसरं म्हणजे मला तीन दिवसांनी ऑफिसात जाऊन एकदम बाँब टाकायचा होता. रजेच्या अर्जात मी कारण फक्त ‘घरी धार्मिक विधी’ असं लिहिलं.

विष्णू गुरुजी भला माणूस. मुलाचे केस बघून त्यांनाच दया आली. म्हणाले, “मोठा मुलगा आहे, कॉलेजात जातो. दोन बटा कापल्या तरी चालतं हो हल्ली.”

“नाही गुरुजी,” मी म्हटलं. “शास्त्रात तडजोड नाही. शेंडी ठेवा, बाकी सपाट!”

संध्या मला स्वतःला येत नाही, हे गुरुजींना माहीत होतं. त्यांनी न्हाव्याला हाक मारली.

पुष्कर खरंच आपल्या पायांनी चालत जाऊन बसला. केस पडत गेले आणि आतून एवढंसं डोकं निघालं, जावळ काढलं तेव्हा होतं तसंच. एका कानामागे, केसांत दडलेला तीळ मी पंधरा वर्षांनी पाहिला. तो मान वर करून म्हणाला, “झालं तुमच्या मनासारखं?” मी घाईघाईनं अक्षता शोधायला गेलो.

मुंज लागली, जेवणं झाली. मुंजीसाठी पुण्याहून आलेल्या आत्याला मथुरा-वृंदावन बघायचं होतं, म्हणून मी, साधना आणि आत्या तिथूनच मथुरेच्या गाडीत बसलो. पुष्करला प्रॅक्टिस होती, तो एकटा फरीदाबादला परतला. आत्यानं त्याचे सगळे काळे टीशर्ट घरून निघण्यापूर्वीच बादलीत भिजवून ठेवले होते. मुंज झालेल्या मुलानं कवट्या घालायच्या नाहीत! त्यामुळे तो माझा पांढरा कुर्ता-पायजमा घालून घरी गेला.

आता एक गोष्ट, जी दिल्लीकडे इतकी वर्षं राहून मला ठाऊक असायलाच हवी होती. आपल्यासारखी मुंज या बाजूला फारशी होत नाही. जानवं घालतात ते बहुतेक लग्नाच्या वेळी. हरियाणातल्या माणसाला दाढीमिशी फुटलेला मुलगा डोकं सफाचट, मागे शेंडी, अंगात पांढरे कपडे, असा दिसला, तर त्याचा अर्थ एकच. पोराचा बाप गेला.

पुढचं मला कौशिक भाभींनी स्वतः सांगितलं, त्यामुळे त्यात माझ्या पदरचं काही नाही. सोमवारी सकाळी त्या तुळशीला पाणी घालत होत्या. फाटकात पुष्कर उभा. त्यांच्या हातातला तांब्याच पडला.

“हाय राम! बेटा, ये कब हुआ?”

“कल, आंटी,” पुष्कर म्हणाला. आपले केस गेल्याचं दुःख त्याला खरंच झालं होतं, त्यामुळे चेहरा उतरलेलाच होता.

“अचानक?”

“अचानक कहाँ, एक महीने से चल रहा था. किसी को बताया नहीं.”

भाभींनी पदर डोळ्यांना लावला. “बहुत तकलीफ़ हुई?”

“बहुत. पर पापा की यही इच्छा थी. आत्मा को शांति मिल गई होगी उनकी.”

भाभी आता हुंदके देत होत्या. आपल्या केसांवर बाईचं इतकं प्रेम होतं, हे बघून पुष्करलाही भरून आलं. त्यानं उलट त्यांनाच धीर दिला. म्हणाला, “रोइए मत आंटी. छह महीने में वापस आ जाएँगे.”

पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, हे भाभींनी तिथेच ओळखलं. त्यांनी हळूच विचारलं, मम्मी कुठे आहेत? पुष्कर म्हणाला, “वृंदावन.”

संपलं! नवरा गेल्यावर बायकांना वृंदावनात नेऊन सोडतात, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. अंत्यसंस्काराला चोवीस तास झाले नाहीत तोवर खासनीस मंडळींनी विधवेला रवानाही केलं, आणि वेडं झालेलं पोर घरात एकटं! दुपारपर्यंत बातमी आख्ख्या सेक्टरात गेली, आणि पोरापुढे बापाचं नाव काढायचं नाही असंही ठरलं. कौशिक साहेबांनी माझ्या ऑफिसला फोन लावला. तिथे त्यागीनं माझा अर्ज काढून पाहिला. घरी धार्मिक विधी. त्यागी म्हणे खुर्चीत मटकन बसला. माझ्या खुर्चीत.

सोमवारी संध्याकाळी मी मथुरेच्या एका एसटीडी बूथवरून घरी फोन केला. पुष्कर इतका गोड बोलला की मला वाटलं राँग नंबर लागला. म्हणाला, बाबा, इथले लोक फार चांगले आहेत यार! सकाळपासून येतायत, डोक्यावरून हात फिरवतायत, कुणी खिचडी आणतंय, कुणी फळं. कौशिक अंकल म्हणाले, आजपासून मलाच बाप समज. मी साधनाला सांगितलं, बघ, केस काढले की समाज कसा जवळ करतो. तिनं माझ्याकडे बघितलं, पण तिलाही आश्चर्य वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी आत्याला पुण्याच्या गाडीत बसवून आम्ही दुपारी फरीदाबादला उतरलो. स्टेशनवर साधना बांगड्यांच्या दुकानात रेंगाळली, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन एका रिक्षानं पुढे आलो. घरासमोरच्या पार्कात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. साठ-सत्तर माणसं बसलेली. अगरबत्तीचा वास. सेक्टरातलं कुणीतरी गेलं आणि आपण नेमके गावाला! मी चपला काढल्या, पेढे पाठीमागे दडवले, डोक्याला रुमाल बांधला आणि हात जोडून शेवटच्या रांगेत बसलो. शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, “कौन गए?”

“कोई मराठे थे,” तो म्हणाला. “खासनीस साहब. सीधे आदमी थे बेचारे.”

मी मान हलवली. म्हटलं, अरेरे. मग ते नाव हळूहळू डोक्यात उतरलं. पुढे बघतो तर टेबलावर हार घातलेला माझा फोटो, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलेला. त्यात मी तसाही मेल्यासारखाच दिसतो.

तुम्ही विचाराल, तेव्हाच उठून का उभा राहिला नाहीस? खरं सांगू? त्यागी भाषणाला उभा राहिला होता, आणि तो माझ्याबद्दल काय बोलतो हे ऐकायची मला उत्सुकता होती. अशी संधी माणसाला एकदाच मिळते, आणि तीही सहसा ऐकू येत नसताना.

त्यागी छान बोलला. म्हणाला, साहेबांनी आयुष्यात कधी कुणाशी चढ्या आवाजात बात केली नाही. आदल्याच शुक्रवारी मी त्याला झापलं होतं ते तीन डिपार्टमेंटांत ऐकू गेलं होतं. पण मला बरं वाटलं. डोळे पुसावेसे वाटले. मग त्याचा आवाज कापरा झाला.

“उनका एक ही सपना था, बेटे के बाल कटें. हमारे सामने कहा था, महीने भर में कटवा के रहूँगा. बात के पक्के थे साहब. कटवा के गए! पर देखिए, बेचारे को उसके लिए क्या करना पड़ा.”

सगळा पार्क हळहळला. बायका रडल्या. माझ्या शेजारच्या माणसानं तर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. इतपत मी सहन केलं. पण त्यागीनं पुढे सांगितलं की साहेबांची अपुरी कामं पार पाडायची म्हणून काळजावर दगड ठेवून तो कालपासून त्यांच्याच केबिनमध्ये बसू लागला आहे.

“कोणाला विचारून?” मी ताडकन उठलो. मराठीतच ओरडलो. रुमाल सुटून खाली पडला.

साठ-सत्तर तोंडं माझ्याकडे वळली. मागच्या बाकावरच्या आजोबांनी हनुमान चालीसा सुरू केली. कौशिक साहेब मागे सरकता सरकता माझ्या फोटोवरच बसले. त्यागी नुसता माझ्या पायांकडे बघत होता. पाय सरळ आहेत की उलटे, ते तपासत असावा. एवढ्यात दुसऱ्या रिक्षातून आमची ही उतरली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या! वृंदावनाहून परतलेली विधवा अशी नटलेली पाहून बायका जशा किंचाळल्या, तसं पुष्करला आजवर एकदाही किंचाळता आलेलं नाही.

आणि मग तो आला. हातात गिटार, रस्त्याच्या टोकाला. शोकसभा नजरेला पडू नये म्हणून भाभींनी पोरांना सकाळीच कॉलेजवर प्रॅक्टिसला पिटाळलं होतं. तिथूनच त्याला हार घातलेला फोटो दिसला. कौशिक साहेब त्यावरून नुकतेच उठले होते. गिटार तिथेच टाकून तो धावत सुटला. “बाबा!” म्हणून त्यानं जी हाक मारली ती माझ्या कानात अजून आहे. माणसांच्या मांड्यांवर पाय देत, चादरी तुडवत तो आला आणि दोन्ही हातांनी त्यानं माझा दंड धरला. दोन वर्षांत त्यानं मला शिवलं नव्हतं.

“अरे, आहे मी,” मी म्हटलं. त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. चंदनाचा वास येत होता. त्यागी आणि त्याची केबिन मी तेवढ्यापुरतं विसरलो.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं! पण पुष्करच्या मागोमाग बँडमधली बाकीची तिघं आली. एकटा पुष्कर टकलू आणि बाकीचे केसाळ, हे स्टेजवर बरं दिसेना. शिवाय दोस्ती म्हणजे दोस्ती. तिघंही त्याच दुपारी न्हाव्याकडे जाऊन सपाट होऊन आले होते. शेंडीसकट!

कौशिक भाभींनी आपल्या मॉन्टीकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या, चांगल्या धडधाकट नवऱ्याकडे पाहिलं. आणि त्यांनी जो हंबरडा फोडला! बाप जिवंत असताना मुलानं डोकं काढणं याच्याइतकी अभद्र गोष्ट त्या घरात झाली नव्हती. कौशिक साहेबांनी आधी स्वतःची नाडी पाहिली आणि मग एका पायातली चप्पल काढून मॉन्टीच्या मागे धावले. पार्कच्या तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत त्यांचा पल्ला पाहून लोकांची खात्री पटली की निदान हे तरी अजून बरीच वर्षं जगतील.

मी पाठीमागे दडवलेले पेढे वाटले. लोकांनी घेतले, पण आधी वास घेऊन.

रविवारी मरघटचा कार्यक्रम झाला. चार टकली, चार शेंड्या, चार पांढरे कुर्ते! भिजवलेले काळे टीशर्ट रंग जाऊन राखाडी झाले होते, दुसरा इलाज नव्हता. दिल्लीच्या पोरांनी असलं काही पाहिलं नव्हतं. तिसरं बक्षीस मिळालं. गाणं मला कळलं नाही, पण मी पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकलं, कानात कापूस न घालता. पुढच्या महिन्यात सेक्टरातली आणखी अकरा पोरं शेंडी ठेवून सफाचट झाली. फॅशनच निघाली! त्यांचे अकरा बाप एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले, सगळे जिवंत आणि सगळे संतापलेले. त्यागीकडून केबिन परत मिळाली. कूलर मात्र ‘दुरुस्तीला’ गेला तो गेलाच.

पुष्कर म्हणाला होता तसे सहा महिन्यांत केस परत यायला लागले. वर्षभरात खांद्यावर. आता कौशिक साहेब रोज सकाळी भिंतीवरून आधी त्याचे केस बघतात आणि मगच मला राम राम घालतात. मीही रविवारी आत्यानं पाठवलेलं तेल काढून ठेवतो. कोंडा बराच कमी आहे.

परवा पुष्करला गुडगावच्या एका नव्या, काचेच्या इमारतीतल्या कंपनीतून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. आरशासमोर उभा राहून तो शहाण्यासारखा म्हणाला, “बाबा, मी विचार करतोय, केस एकदम बारीक करून टाकावेत. तुम्हाला काय वाटतं?”

एक काळ होता, हे वाक्य ऐकायला मी अर्धा पगार दिला असता.

“खबरदार!” मी ओरडलो. “तुझा बाप अजून जिवंत आहे!”